८१ अब्ज डॉलरचे गणित
संगणकीय रुग्णनोंदींच्या जमाखर्चाकडे पाहताना

एखाद्या नव्या तंत्राचा स्वीकार करावा की नाही, हे ठरवण्यासाठी आपण त्याच्या फायद्या-तोट्याचा हिशेब मांडतो. हिशेबात आकडे असतात आणि आकड्यांवर आपला विश्वास पटकन बसतो. परंतु विज्ञान शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने समोर आलेल्या प्रत्येक आकड्याबद्दल एक साधी विचारणा करायची असते : हा आकडा मोजलेला आहे की मानलेला? ही विचारणा वेळीच झाली नाही तर काय घडते, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत संगणकीय रुग्णनोंदींचा जो प्रसार झाला त्यात सापडते.

सप्टेंबर २००५ मध्ये 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात रॅन्ड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेतील अभ्यासकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. रिचर्ड हिलस्टॅड हे त्याचे प्रमुख लेखक. अमेरिकेतील ९० टक्के रुग्णालयांनी आणि डॉक्टरांनी कागदी नोंदी सोडून संगणकीय नोंदी स्वीकारल्या, तर देशाची दरवर्षी ८१ अब्ज डॉलरहून अधिक बचत होऊ शकेल, असा अंदाज त्यांनी मांडला. पुढील काही वर्षे धोरणविषयक चर्चेत हा आकडा पुन्हा पुन्हा येत राहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेने कायदा केला. संगणकीय नोंदी वापरणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मेडिकेअर या सरकारी विमायोजनेतून ४४ हजार डॉलरपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देऊ केली. रुग्णालयांना याहून कितीतरी मोठ्या रकमा मिळाल्या. या सर्वांवर मिळून ३० अब्ज डॉलरहून अधिक सरकारी पैसा खर्च झाला. २००८ मध्ये जेमतेम ९ टक्के रुग्णालयांत प्राथमिक स्वरूपाची संगणकीय नोंदपद्धती होती. २०१५ पर्यंत हे प्रमाण ८४ टक्क्यांच्या घरात गेले.

म्हणजे प्रसार ठरल्याप्रमाणे झाला. बचतीचे काय झाले? आपल्या देशातही आता याच वाटेवर पावले पडत आहेत, म्हणून हे गणित जरा बारकाईने तपासून पाहू.

नोंद कशासाठी?

आधी नोंद म्हणजे काय ते पाहू. डॉक्टर रुग्णाला तपासतात तेव्हा तक्रारी, तपासणीत आढळलेल्या गोष्टी, रोगाचे निदान, दिलेली औषधे आणि पुढे काय करायचे, हे लिहून ठेवतात. ही टिपणे पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्वतःलाच उपयोगी पडतात. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला तर त्यांना उपयोगी पडतात. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्येच असे मांडले होते की, चांगल्या रीतीने लिहिलेली नोंद ही नुसती साठवण नसते. ती डॉक्टरांच्या विचाराला वळण लावते.

कागदी नोंदीचे दोष आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. अक्षर लागत नाही. कागद एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. तो हरवतो, भिजतो, त्याला वाळवी लागते. आपल्याकडे तर जुने केसपेपर, क्ष-किरण चित्रे आणि रक्ततपासणीचे अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रुग्णच घेऊन फिरतात. पिशवी घरी राहिली की डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय कागद स्वतः होऊन काही सांगत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला कोणी पेनिसिलिन लिहून दिले, तर आधीच्या पानावरची नोंद पान उलटून 'थांबा' म्हणत नाही.

संगणकीय नोंदीकडून यासाठीच तीन अपेक्षा असतात. एक, माहिती हवी तेथे आणि हवी तेव्हा मिळावी. दोन, चूक होत असेल तर तिने सावध करावे. तीन, हजारो-लाखो नोंदी एकत्र पाहून एरवी लक्षात न येणारी गोष्ट शोधता यावी.

फायदे खरे आहेत

या तिन्ही अपेक्षा पूर्ण होऊ शकतात, याचा पुरावा आहे. तो आधी मांडला पाहिजे, नाहीतर पुढील टीका एकांगी ठरेल.

पहिली अपेक्षा. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. असंख्य रुग्णांच्या कागदी नोंदी कायमच्या नष्ट झाल्या. परंतु माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर होत्या. शहर सोडून दुसरीकडे गेलेल्या माजी सैनिकांच्या नोंदी त्या त्या गावच्या माजी सैनिक रुग्णालयांत पाहता आल्या.

दुसरी अपेक्षा. बॉस्टन येथील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात डॉक्टरांनी औषधाचा आदेश कागदाऐवजी संगणकावर द्यायचा, अशी पद्धत सुरू झाली. डेव्हिड बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या चुका मोजल्या. वेळीच लक्षात न आलेल्या गंभीर औषधचुकांचे प्रमाण दर १००० रुग्णदिवसांमागे १०.७ वरून ४.८६ वर आले. (दहा रुग्ण प्रत्येकी तीन दिवस रुग्णालयात राहिले तर ३० रुग्णदिवस होतात.) घट ५५ टक्के. हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरी अपेक्षा. व्हायॉक्स हे वेदनाशामक औषध सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातील बाजारांतून मागे घेण्यात आले. ते मागे घेतले गेले एका वेगळ्याच चाचणीतील निष्कर्षांमुळे. पण त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेच्या सुमारे १४ लाख सभासदांच्या संगणकीय माहितीतूनही धोका दिसून आला होता. या औषधाची मोठी मात्रा घेणाऱ्यांत गंभीर हृदयविकाराचा धोका सुमारे तिप्पट आढळला. १४ लाख लोकांचे कागद चाळून हे काम कोण करणार होते?

तेव्हा प्रश्न संगणकाचा फायदा होतो की नाही हा नाही. प्रश्न आहे तो एका ठिकाणी झालेला फायदा सगळीकडे होईल, असे धरून चालावे का, हा.

गणितातील गृहीतक

रॅन्डच्या अभ्यासकांनी ८१ अब्जांचा आकडा काढला कसा? संगणकीय नोंदींविषयी तोवर प्रसिद्ध झालेले अभ्यास त्यांनी गोळा केले. कोणत्या कामात किती बचत झाली ते पाहिले आणि त्या बचतीचा सर्व देशाच्या प्रमाणात गुणाकार केला. पद्धत म्हणून यात वावगे काही नाही. परंतु गोळा केलेले सगळेच अभ्यास अनुकूल नव्हते. काहींत फायदा दिसला नव्हता, काहींत तोटा झाला होता. त्यांचे काय करायचे? लेखकांनी असे ठरवले की, जेथे फायदा दिसला नाही तेथे पद्धतीची अंमलबजावणी नीट झाली नसावी किंवा अजून पूर्ण व्हायची असावी. म्हणून असे निष्कर्ष त्यांनी अंदाजातून बाजूला ठेवले.

येथे क्षणभर थांबून विचार करू. समजा, आपल्या शाळेने गणित शिकवण्याची नवी पद्धत दहा वर्गांत वापरली. सहा वर्गांतले गुण वाढले, तीन वर्गांत फरक पडला नाही, एका वर्गात गुण घटले. उरलेल्या चार वर्गांत शिक्षकांनी ती पद्धत नीट वापरलीच नाही, असे म्हणून ते वर्ग सोडून दिले आणि सहा वर्गांची सरासरी सर्व जिल्ह्याला लावली, तर काय होईल? येणारा आकडा खोटा नसेल. पण तो 'सगळे ठीक झाले तर' या अटीवरचा आकडा असेल. अंमलबजावणी नीट न होणे हा अपघात नाही. दहापैकी चार वेळा घडणारी ती वस्तुस्थिती आहे, आणि तिची किंमत हिशेबात धरलीच पाहिजे.

लेखकांच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. आपले गृहीतक त्यांनी लपवले नव्हते. लेखातच ते लिहिलेले होते. आणि आपण संभाव्य फायद्याबद्दल बोलत आहोत, हे लेखाच्या शीर्षकातही त्यांनी म्हटले होते. परंतु आकडा लेखातून बाहेर पडून भाषणांत आणि अहवालांत पोचला तेव्हा 'संभाव्य' हा शब्द मागे राहिला. या अभ्यासाला पैसा पुरवणाऱ्यांत जनरल इलेक्ट्रिक आणि सर्नर या, रुग्णालयांना अशा संगणकप्रणाली विकणाऱ्या, कंपन्या होत्या, याकडेही पुढे वृत्तपत्रांनी लक्ष वेधले. पैसा कोणी दिला यावरून निष्कर्ष चूक ठरत नाही. मात्र गृहीतके अधिक काळजीने वाचायला हवीत एवढे त्यावरून नक्की ठरते.

हे काम कोणी केलेच नाही असे नाही. अमेरिकन संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने मे २००८ मध्ये, म्हणजे कायदा होण्याच्या नऊ महिने आधी, एक अहवाल प्रसिद्ध केला. रॅन्डचा आणि त्यासारखाच आणखी एक अंदाज बराच फुगलेला आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. अनुकूल निष्कर्ष तेवढे धरले आहेत, आणि प्रत्यक्ष काय घडण्याचा संभव आहे यापेक्षा उत्तमात उत्तम काय घडू शकेल हे मोजले आहे, असा त्याचा आक्षेप होता. आपल्याकडे 'बाजारात तुरी' म्हणतात ती गत. आक्षेप नोंदला गेला, आणि ८१ अब्ज हा आकडा पुढे चालत राहिला.

तीन बालरुग्णालये

बाजूला ठेवलेल्या प्रतिकूल निष्कर्षांत काय दडलेले असू शकते, हे पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातील अनुभवावरून कळते. ऑक्टोबर २००२ मध्ये तेथे अवघ्या सहा दिवसांत औषधांचे संगणकीय आदेश देण्याची पद्धत सर्वत्र सुरू करण्यात आली. दुसऱ्या रुग्णालयांतून तेथे पाठवल्या जाणाऱ्या अत्यवस्थ मुलांचा अभ्यास पुढे 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या १३ महिन्यांत अशा १३९४ मुलांपैकी ३९ मुले दगावली होती, म्हणजे २.८० टक्के. नंतरच्या ५ महिन्यांत ५४८ पैकी ३६ दगावली, म्हणजे ६.५७ टक्के.

हे कशामुळे झाले असावे? लेखकांनी कामाच्या क्रमाकडे बोट दाखवले. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर आदेश लिहीत आणि मूल दारात पोचेपर्यंत औषधे तयार असत. नव्या प्रणालीत मूल प्रत्यक्ष येऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय आदेश देता येत नव्हता. याच सुमारास अतिदक्षता विभागात हाताशी ठेवलेली औषधे हलवून मुख्य औषधभांडारात नेण्यात आली होती. एकेक आदेश देण्यासाठी पडद्यावर अनेकदा कळ दाबावी लागे. पूर्वी खाटेजवळ उभे असणारे डॉक्टर आता संगणकाजवळ असत. कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. ज्या कामात मिनिटाला महत्त्व आहे त्या कामातली काही मिनिटे खर्ची पडत होती.

आता दुसरी बाजू. सिअॅटलच्या बालरुग्णालयाने त्याच बनावटीची प्रणाली बसवली. तेथील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागातील मृत्यूंचे प्रमाण आधी ४.२२ टक्के होते, नंतर ३.४६ टक्के झाले. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका लहान होता. तेथे अतिदक्षता विभागात नेहमी लागणारे आदेशांचे संच आधीच तयार करून ठेवले होते. तिसरा अभ्यास स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयाचा, २०१० मधला. तेथे प्रणाली बसवल्यानंतर मृत्यूंच्या मासिक प्रमाणात २० टक्के घट दिसली.

तीन रुग्णालये, एकाच प्रकारचे तंत्र आणि तीन वेगवेगळी उत्तरे. यातील एकही अभ्यास निर्णायक मानता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे. तिन्ही 'आधी आणि नंतर' या प्रकारचे आहेत; त्याच काळात प्रणाली न बसवलेल्या रुग्णालयाशी तुलना त्यांत नाही. पिट्सबर्गच्या अभ्यासातील नंतरचे पाच महिने हिवाळ्याचे आहेत आणि हिवाळ्यात श्वसनाचे विकार वाढतात. आजाराची तीव्रता वगैरे गोष्टी जमेस धरूनही फरक उरतो, असे लेखकांनी दाखवले होते. तरी शंकेला थोडी जागा राहतेच. पण एवढे तर खरे, की 'संगणकीय नोंद' नावाच्या एकाच वस्तूचा एकच परिणाम असतो, असे धरून केलेला गुणाकार चुकीचा आहे. परिणाम होतो तो नोंदपद्धती, तेथील कामाचा क्रम आणि तेथील माणसे या तिन्हींच्या मेळातून.

वेळेचा खर्च कोणाच्या खाती?

यंत्रे, प्रणाली आणि प्रशिक्षण यांवरचा खर्च हिशेबात दिसतो, कारण त्याची पावती असते. प्रणाली नवी असताना काही महिने काम मंदावते, तेही बहुधा धरले जाते. रोज, कायमचा जाणारा वेळ मात्र सहसा निसटतो, कारण त्याची पावती कोणी फाडत नाही.

२०१६ मध्ये क्रिस्टीन सिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ अमेरिकन डॉक्टरांच्या कामाचे ४३० तास शेजारी थांबून निरीक्षण केले. डॉक्टरांचा २७ टक्के वेळ रुग्णांशी प्रत्यक्ष बोलण्या-तपासण्यात गेला आणि ४९ टक्के वेळ संगणकीय नोंदी व टेबलावरील कामात गेला. शिवाय बऱ्याच जणांना रात्री घरी एक-दोन तास हेच काम करावे लागत होते. कागदाच्या काळी लिहिण्यात किती वेळ जात असे, हे या पाहणीत मोजलेले नाही. त्यामुळे सगळा दोष संगणकाच्या माथी मारता येणार नाही.

मग दोष कोणाचा? याचे एक उत्तर २०१८ मधील एका निरीक्षणातून मिळते. एकाच कंपनीची प्रणाली वापरणाऱ्या निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांची टिपणे तुलनेसाठी घेतली, तेव्हा अमेरिकन डॉक्टरांची टिपणे इतर देशांतल्यांपेक्षा सरासरी जवळपास चौपट लांब निघाली. प्रणाली तीच, मग लांबी वेगळी का? अमेरिकेत विमाकंपनीकडून पैसे मिळवायचे तर काय काय तपासले ते टिपणात दिसावे लागते. टिपण रुग्णासाठी लिहायचे होते, ते बिलासाठी लिहिले जाऊ लागले. संगणकाने मागच्या भेटीचा मजकूर एका क्षणात उचलून पुन्हा चिकटवण्याची सोय दिली, आणि ती बिल फुगवायलाही कामी आली. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री आणि न्यायखात्याच्या प्रमुखांनी रुग्णालयांच्या संघटनांना याबद्दल इशारा देणारे पत्र धाडले होते.

सावध करण्याच्या सोयीचेही असेच झाले. संगणक क्षुल्लक कारणासाठीही इशारे देऊ लागला, की माणूस न वाचताच ते बंद करतो. औषधांविषयीच्या इशाऱ्यांवरील अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा निरनिराळ्या ठिकाणी ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टरांनी बाजूला सारलेले आढळले. रोज 'लांडगा आला रे' म्हणणाऱ्या मुलाचे शेवटी कोणी ऐकेना, ती गोष्ट आपण मुलांना सांगतोच.

जमाखर्चाचा विचार करताना येथे एक महत्त्वाची गोष्ट दिसते. नोंद भरण्याचा वेळ डॉक्टर आणि परिचारिका देतात. त्यामुळे कमी झालेला संवाद रुग्णाच्या वाट्याला येतो. बचत झालीच तर ती बहुतांशी विमाकंपन्यांची आणि सरकारची होते. प्रणालीची किंमत तिच्या विक्रेत्यांना मिळते. एकूण बेरजेत फायदा दिसला तरी खर्च करणारे हात आणि फायदा घेणारे हात वेगवेगळे असले, तर खर्च करणारे ते काम मनापासून करीत नाहीत, आणि मग अपेक्षित फायदाही हाती येत नाही.

आठ वर्षांनंतर

जानेवारी २०१३ मध्ये त्याच 'हेल्थ अफेअर्स'मध्ये रॅन्डच्याच आर्थर केलरमन आणि स्पेन्सर जोन्स यांनी आपल्या संस्थेच्या अंदाजाकडे पुन्हा वळून पाहिले. अमेरिकेचा आरोग्यावरील वार्षिक खर्च २००५ मध्ये सुमारे २ लाख कोटी डॉलर होता, तो २.८ लाख कोटींवर गेला होता. अपेक्षित बचत दिसत नव्हती. याची कारणे त्यांनी दिली ती अशी : प्रसार संथ झाला, एका रुग्णालयाची प्रणाली दुसऱ्याच्या प्रणालीशी बोलू शकत नव्हती, प्रणाली वापरायला सोप्या नव्हत्या, आणि रुग्णालयांनी आपली कामाची पद्धत बदलली नव्हती. एखाद्या संस्थेने आपलाच गाजलेला अंदाज अशा रीतीने तपासावा, हे विज्ञानाच्या रीतीला धरून आहे.

येथे विद्यार्थ्यांनी एक सापळा ओळखावा. खर्च वाढला म्हणून संगणकाने बचत झाली नाही, असे सिद्ध होत नाही. संगणक नसता तर खर्च याहून वाढला असता, असेही असू शकेल. ८१ अब्ज म्हणजे २ लाख कोटींच्या चार टक्के. एकूण खर्चात ४० टक्के वाढ होत असताना त्यात चार टक्क्यांची बचत लपून राहू शकते. ती आहे की नाही हे कळण्यासाठी तुलनेचा गट लागतो. देशभर एकदम पैसा ओतल्यामुळे तो गटच शिल्लक राहिला नाही. ३० अब्ज डॉलर खर्चूनही देशाला नेमकी किती बचत झाली याचे स्वच्छ उत्तर देता येऊ नये, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

आपल्याकडे

भारतात संगणकीय आरोग्यनोंदींसाठीची मानके २०१३ मध्ये जाहीर झाली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात नागरिकाला 'आभा' हा १४ अंकी क्रमांक मिळतो. नोंदी त्या त्या रुग्णालयातच राहायच्या आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्याला पाहता यायच्या, अशी रचना आहे. रुग्णालयांच्या प्रणाली एकमेकींशी बोलत नाहीत, ही अमेरिकेतील अडचण आपण सुरुवातीसच लक्षात घेतली, हे चांगले झाले. १ जानेवारी २०२३ पासून रुग्णालयांना, प्रयोगशाळांना आणि प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्यांना 'आभा'शी जोडलेल्या नोंदींच्या संख्येनुसार प्रोत्साहनपर रक्कम देण्याची योजनाही आली. अमेरिकेच्या उदाहरणाची आठवण येते ती या ठिकाणी. पैसे संख्येवर मिळणार असतील तर संख्या वाढेल. नोंद वाचून कोणाचा उपचार सुधारला का, हे त्या संख्येत दिसणार नाही.

आपली परिस्थिती दोन बाबतींत वेगळी आहे. आपल्याकडे बहुतेक रुग्णांचा खर्च विमाकंपनी देत नाही, त्यामुळे बिलासाठी टिपणे फुगण्याचा धोका तेवढ्यापुरता कमी. पण वेळेची टंचाई कितीतरी अधिक. सोबतचे गणित करून पाहा. बाह्यरुग्ण विभागात चार तासांत १०० रुग्ण तपासायचे असतील, तर प्रत्येकास २ मिनिटे २४ सेकंद मिळतात. संगणकावर नोंद करण्यास प्रत्येकी एक मिनिट जास्त लागले, तर १०० मिनिटे वाढतात. म्हणजे एक तर रांग पावणेदोन तासांच्या आसपास लांबेल, नाहीतर शेवटचे तीसएक रुग्ण तपासायचे राहतील, नाहीतर नोंद अर्धवट भरली जाईल. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत सोपी असल्यामुळे तीच घडेल. अर्धवट नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते, कारण पडद्यावर ॲलर्जीचा रकाना रिकामा दिसला की पुढचे डॉक्टर 'ॲलर्जी नाही' असे समजतात.

हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. हजेरीपटावर लिहायचे, तेच पुन्हा संकेतस्थळावर भरायचे आणि वरून मागणी आली की तिसऱ्या तक्त्यात उतरायचे, हे काम कोणाच्या वेळेतून होते, हे आपण जाणता. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकाही रजिस्टर आणि ॲप यांच्या अशाच कात्रीत सापडतात. नवी पद्धत आली आणि जुनी गेली नाही, तर वाचलेला वेळ शून्य आणि वाढलेला वेळ दुप्पट.

सुरक्षिततेची किंमतही मांडली पाहिजे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे नोंदणी, नमुने, अहवाल अशी कामे हाताने करावी लागली. कागद जळतो, हरवतो. पण एका रात्रीत लाखो केसपेपर कोणी चोरू शकत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कायद्याबरोबर, संगणक बंद पडला तर काम कागदावर कसे चालवायचे याचा सरावही रुग्णालयांना लागेल, आणि त्या सरावाचा खर्चही याच हिशेबात येतो.

तर मग संगणकीय नोंदी नकोत का? माझे मत तसे नाही. बॉस्टनमध्ये निम्म्याहून अधिक गंभीर चुका कमी झाल्या, हे मोजलेले आहे. आपल्याकडील मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या रुग्णाला, जो गाव बदलतो, दवाखाना बदलतो, त्याला सलग नोंदीचा मोठा उपयोग होईल. माझा आग्रह आहे तो हिशेबाच्या रीतीबद्दल. प्रणाली सगळ्या जिल्ह्यांत एकदम सुरू न करता टप्प्याटप्प्याने करावी, आणि कोणता जिल्हा आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. म्हणजे ज्यांची पाळी यायची आहे ते जिल्हे तुलनेसाठी आपोआप मिळतात. त्यासाठी जादा पैसा लागत नाही. काय मोजणार हे आधी जाहीर करावे : औषधांच्या चुका, रुग्णाला मिळालेला वेळ, पुन्हा कराव्या लागलेल्या तपासण्या. आणि कोणता निकाल आला तर पद्धत फसली असे मानणार, हेही आधीच लिहून ठेवावे. नंतर ठरवले, तर न पटणारा प्रत्येक निकाल 'अंमलबजावणी नीट झाली नाही' या सदरात जाऊन पडतो.

वर्गात करण्यासाठी

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एखाद्या सरकारी योजनेची किंवा नव्या उपकरणाची जाहिरात वर्तमानपत्रातून कापून आणायला सांगावे. त्यातील प्रत्येक आकडा वहीत उतरवून त्यापुढे तीन रकाने करावेत : मोजलेला की मानलेला, खर्च कोणाचा, फायदा कोणाचा. ज्या आकड्यापुढचे रकाने भरता येणार नाहीत, त्याबद्दल संबंधित कार्यालयाला पत्र लिहून विचारावे. उत्तर येईलच असे नाही, पण आले तर तेही वर्गात सर्वांना वाचून दाखवावे.